बेपर्वा, बेफिकीर की निष्काळजी?

सहावीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी ‘बेपर्वा आहे’ असा शेरा लिहिला. वही विसरतो, गणितात हातचा घ्यायचा राहतो, विचारलं तर नुसता हसतो. दुसऱ्या दिवशी वडील हजर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला आहेत.

“बाई, पोरगं विसरतं, मान्य. पण काडेपेटी चुकून खिशात राहिली तर तो निष्काळजीपणा. माहीत असून आत नेली तर बेपर्वाई. आमचा पोरगा यातला कुठला?”

मला उत्तर सुचेना. १८६९ पासून तिथं दारूगोळा बनतोय, त्यामुळे हा फरक त्यांना कोशात बघावा लागत नाही!

‘निष्काळजी’ माणसाकडून काळजी घ्यायची राहून जाते. ‘बेपर्वा’ माणसाला परिणाम ठाऊक असतो, पण तो त्याची पर्वा करत नाही. ‘बेदरकार’ही याच वाटेवरचा, बातम्यांत तो बहुतेक भरधाव गाडीबरोबरच भेटतो. ‘हलगर्जीपणा’ म्हणजे सोपवलेल्या कामात केलेली हयगय, म्हणून रस्त्यातला खड्डा उघडा ठेवणाऱ्याला तो शब्द बरोबर बसतो.

‘बेफिकीर’ मात्र दोन्हीकडचा. उद्या परीक्षा आणि आज हा बेफिकीर, ही तक्रार. पण एखाद्या कलंदर माणसाला आपण कौतुकानंही बेफिकीर म्हणतो. बेपर्वा असं कौतुकानं म्हटलेलं सहसा ऐकू येत नाही.

मुलांना सगळ्यात मजा आली ती ‘निर्धास्त’ आणि ‘बिनधास्त’ या जोडीची. दोन्हींत धास्तीच नाही, तरी अदलाबदल चालत नाही. बाळाला आजीकडं सोपवून आई निर्धास्त होते, बिनधास्त नाही. कारण काळजी घेणारं दुसरं कुणीतरी आहे. स्टेजवर मुलगी बिनधास्त बोलते, तिथं हिंमत तिची स्वतःची. (मोठ्यांशी तशीच बोलली की त्याच शब्दाला आपण नाक मुरडतो, ते वेगळं.)

वर्गात मी तीन वाक्यं फळ्यावर लिहिली: “अरे, राहिलंच!”, “होईल की!”, “मला काय त्याचं?” कोण निष्काळजी, कोण बेफिकीर, कोण बेपर्वा, ते मुलांनी भराभर ओळखलं. माझ्या त्या विद्यार्थ्यानं पहिल्या वाक्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, “बाई, हा मी.”

शेरा खोडला. नवीन लिहिला: ‘हातचा घ्यायला विसरतो. उत्तर एकदा तपासून बघायची सवय हवी.’ वडिलांनी त्याखाली सही केली.