घरातील ससा, त्याचे पोट आणि आपले आरोग्य

रुग्णसेवेबरोबरच आरोग्य-प्रबोधन हेही आपल्या न्यासाचे कर्तव्य होय. या जाणिवेने अहवालाचे हे पान ससा पाळणाऱ्या कुटुंबांसाठी राखले आहे.

सशाचे पचन मुख्यतः त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीतील उपकारक जिवाणूंवर अवलंबून असते. वाळलेले गवत कमी पडून पिठूळ व गोड पदार्थ वाढले, की या जिवाणूंचा समतोल ढळतो. मग क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मेसारखे जिवाणू बळावून विष निर्माण करतात. ई. कोलायच्या काही जातीही अतिसारास कारणीभूत होतात. नुकतेच दूध सुटलेली पिल्ले अशा आजारात फार लवकर दगावतात. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, तो मात्र त्याचा निसर्गधर्म आहे. पाण्यासारखे जुलाब किंवा खाणे बंद होणे ही धोक्याची खूण समजावी व त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

अशा वेळी घरात उरलेल्या गोळ्या सशाला देण्याचा मोह होतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी माणसांना गुणकारी असणारी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाचे उपकारक जिवाणू नष्ट होतात, विषारी जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि औषधच प्राणघातक ठरू शकते.

सशाचे सर्वच पोटविकार माणसास होत नाहीत. तथापि सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर व ई. कोलायच्या काही जाती विष्ठेतून हातावर व हातावरून तोंडात जाऊ शकतात. पाळीव सशात सॅल्मोनेला क्वचितच आढळतो. परंतु वरकरणी निरोगी दिसणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही तो असू शकतो. विषमज्वराचा जिवाणू याच कुळातला असला, तरी तो माणसाकडूनच माणसाकडे येतो. त्याचा दोष सशाकडे जात नाही. सॅल्मोनेलाची बाधा झाल्यास साधारणतः 6 तास ते 6 दिवसांत ताप, पोटात कळा व जुलाब सुरू होतात. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. मात्र 5 वर्षांखालील बालके, वृद्ध, गर्भवती आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांना हीच बाधा गंभीर ठरू शकते.

म्हणून सशाला हाताळल्यावर साबणाने किमान 20 सेकंद हात धुवावेत. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू वा धुऊ नये. पिंजऱ्याची सफाई वरील व्यक्तींवर सोपवू नये. घरात कोणास जुलाब झाल्यास, आपल्याकडे ससा आहे हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. या एका वाक्याने निदानास मोठे साहाय्य होते.

मुक्या जीवाची माया अवश्य जोपासावी. तिला स्वच्छतेची जोड द्यावी, ही नम्र विनंती.