तरुणांनो, शरीर जाणून धावा!

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतील मुले-मुली भल्या पहाटे मैदानावर दिसू लागतात. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धाव व गोळाफेक. या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीवर अनेकदा एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते. त्यामुळे महिना-दीड महिन्यात सारे साधण्याच्या ईर्षेने रोज जीव तोडून धावले जाते. ही जिद्द स्तुत्यच आहे. परंतु २०१४ साली मुंबईतील भरतीत, जूनच्या उकाड्यात ५ किलोमीटरच्या धावेत काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले, हेही विसरता येत नाही. म्हणून तीव्र व्यायामाने शरीरात काय घडते, हे तरुणांनी व त्यांच्या आईवडिलांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

धावताना काय घडते?

स्नायू ज्या इंधनावर चालतात त्याला एटीपी म्हणतात. त्याचा साठा जेमतेम काही सेकंद पुरतो. तो भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा. तो सुमारे १० सेकंद साथ देतो. दुसरा, प्राणवायूची वाट न पाहता साखर मोडण्याचा. यात लॅक्टेट तयार होते. तिसरा प्राणवायूच्या साहाय्याने चालणारा, संथ पण चिवट. १०० मीटरला पहिले दोन मार्ग कामी येतात. १६०० मीटरमध्ये मात्र मोठा वाटा तिसऱ्याचा असतो.

विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. पूर्ण जोराच्या श्रमात निरोगी तरुणाचे हृदय २० लिटर किंवा अधिक फेकते. त्यातील बहुतांश रक्त स्नायूंकडे वळते. खर्च झालेल्या ऊर्जेचा सुमारे पाऊण भाग उष्णता बनतो आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. हवा दमट असली की घाम सुकत नाही व शरीर आतून तापत जाते.

दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. लॅक्टेट तासाभरात निघून जाते. हृदय व स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. दुखणे असते ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे.

शरीर घडते केव्हा?

मैदानावर शरीर थकते. घडते ते नंतरच्या जेवणात व झोपेत. रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांत वाढते. स्नायूंतील तंतुकणिका व केशवाहिन्या वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. हाडे व स्नायुबंध सर्वांत सावकाश बळकट होतात. घाई करणाऱ्यांच्या नडग्या दुखतात त्या यामुळेच.

जपानचे संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० सेकंद पूर्ण जोर, १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या होत्या. सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली आणि प्राणवायूविना काम करण्याचीही. मात्र हे तरुण शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होते, सराव असलेले होते. नवख्याने पहिल्याच दिवशी त्यांचे अनुकरण करणे धोक्याचे आहे.

वीणेची तार

सोण कोळिविस या भिक्षूची कथा आपणास माहीत आहे. चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले, तरी फळ मिळेना. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. हा उपदेश चित्ताच्या वीर्याविषयी आहे. परंतु शरीरालाही तो तंतोतंत लागू पडतो.

सिकलसेल आणि आपण

विदर्भात आदिवासी व अनुसूचित जातींमध्ये, म्हणजेच आपल्या बौद्ध समाजातही, सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. यात कुणाचा दोष नाही, लाज तर मुळीच नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असते. तिने व्यायाम जरूर करावा. परंतु ऊन, पाण्याची कमतरता आणि एकदम अतिश्रम एकत्र आले तर तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून केशवाहिन्या अडवू शकतात. मग स्नायू मोडतात व मूत्रपिंडांवर भार येतो. ‘एसएस’ असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करूच नये. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्यावी.

लक्षात ठेवा

१) सराव भरतीपूर्वी किमान तीन महिने सुरू करावा. प्रथम चालणे व हळू धावणे, नंतर जोर.

२) पूर्ण जोराचा सराव आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवसांचे अंतर ठेवून. इतर दिवशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे.

३) पहाटे धावावे, उन्हात नव्हे. ताप, जुलाब वा जागरण असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

४) डाळ, उसळ, अंडी, भाकरी, केळी हा आहार पुरेसा आहे. ताकदीच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या-इंजेक्शने घेऊ नयेत.

५) छातीत दुखणे, चक्कर, पायांतील बळ एकाएकी जाणे ही लक्षणे दिसताच थांबावे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

६) धावणारा भलतेच बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही! सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे व १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

अष्टांगिक मार्गात ‘सम्यक व्यायाम’ हे एक अंग आहे. तेथे व्यायाम म्हणजे योग्य प्रयत्न. आपल्या मुला-मुलींनी वर्दी मिळवावीच. पण ती अंगावर घालून घरी परत येण्यासाठी प्रयत्नांना ‘सम्यक’ची जोड द्यावी, एवढीच कळकळीची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!