गच्चीवरचा एफ.एम. : खाजगी रेडिओ आपल्या भागात कसा आला?

२००७ साली मी इथल्याच हॉस्टेलला होतो. रात्रीचं जेवण झालं की मेसमधून थेट गच्ची. हातात रेडिओवाला मोबाईल, कानात हेडफोन आणि दक्षिणेकडे तोंड. त्याच वर्षी कोल्हापुरात 'टोमॅटो एफ.एम.' ९४.३ वर सुरू झालं होतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात ते कधीकधी ऐकू यायचं, दोन पावलं सरकलं की गायब! तो कोपरा पकडायला अक्षरशः नंबर लागायचे. खाली रूममध्ये मात्र फक्त खरखर.

तेव्हा आम्ही मोबाईलला शिव्या घालायचो. दोष मोबाईलचा नव्हता, हे पुढे कळलं. त्यात थोडं विज्ञान होतं, थोडा कायदा होता आणि बराच पैशाचा हिशोब होता. तोच आज मांडतो.

गाणी लंकेतून यायची

१९५२ साली केंद्रात माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. माणूस आपल्या पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाची गाणी त्यांना पसंत नव्हती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय करणार? त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली आणि बुधवारची रात्र म्हणजे गीतमाला हे समीकरण देशभर झालं. कंपन्यांच्या जाहिरातीही अर्थात तिकडेच गेल्या.

हे पाहून ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने 'विविध भारती' काढली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे गाणी आणि जाहिरात ही जोडी सरकारलाही अखेर मान्य करावी लागली. आपल्याकडे आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून. गावाकडे आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर लागायचं ते हेच, मध्यम लहरी १२५१ किलोहर्ट्झ.

ही हवा कुणाची?

हवेतल्या लहरींवर मालकी कुणाची, हा प्रश्न कोर्टात गेला तो गाण्यामुळे नव्हे, क्रिकेटमुळे! बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं की ध्वनिलहरी वाहून नेणारी ही वायुलहर सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची एकट्याची मक्तेदारी नाही आणि ती वापरण्यावर जनतेच्या हितासाठी नियंत्रण हवं. खाजगी रेडिओचं दार इथून उघडलं.

१५ टक्क्यांचं गणित

२००० साली सरकारने ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सींचा लिलाव केला. कंपन्यांनी जोशात बोली लावल्या. ३ जुलै २००१ ला बंगलोरला 'रेडिओ सिटी' सुरू झालं, देशातलं पहिलं खाजगी एफ.एम. ऑक्टोबरात इंदूरला 'रेडिओ मिर्ची' आलं. पण १०८ पैकी प्रत्यक्षात चालू झाली ती जेमतेम वीस-बावीस. असं का व्हावं?

अट अशी होती की लायसन्स फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, तीही दहा वर्षं. आता कॅल्क्युलेटर काढा. १.१५ चा नववा घात म्हणजे साधारण ३.५२. मुंबईची फी वर्षाला ९.७५ कोटी रुपये होती. म्हणजे दहाव्या वर्षी ती सुमारे ३४ कोटी! धंदा होवो न होवो, फी ठरलेली. जाहिरातींचं उत्पन्न त्या वेगाने वाढेल याची हमी कोण देणार? काहींनी बोली जिंकूनही स्टेशन काढलंच नाही, काही दोन-चार वर्षांत दमले. चक्रवाढ व्याज आपण शाळेत शिकतो, पण ते कुठे बोकांडी बसेल ते सांगता येत नाही.

सांगली-कोल्हापूरचा नंबर

२००५ मध्ये धोरण बदललं. आता एकदाच प्रवेश फी भरायची आणि नंतर ढोबळमानाने दरवर्षी उत्पन्नाच्या ४ टक्के द्यायचे. धंदा वाढला तर सरकारचा वाटा वाढणार, धंदा बसला तर तोही कमी. एवढ्या एका बदलाने चित्र पालटलं. ९१ शहरांतली ३३८ चॅनेल्स लिलावात आली आणि त्यात लहान शहरंही होती. आपल्या बाजूला कोल्हापूर आणि सांगली. कोल्हापुरात 'रेडिओ मिर्ची' आणि 'पुढारी' समूहाचं 'टोमॅटो' आलं, सांगलीत 'रेडिओ सिटी'. पहिल्यांदाच रेडिओवर निवेदक आपल्या भागातल्या बोलीत, आपल्या चौकांची नावं घेऊन बोलायला लागला. पेठेतल्या साडीच्या दुकानाची जाहिरात दोन गाण्यांच्या मध्ये वाजायला लागली. आकाशवाणीचं गंभीर मराठी ऐकलेल्या आम्हा पोरांना ही मोठीच गंमत वाटली.

इथे एक गोष्ट पाहून ठेवा. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३... हे आकडे असे विचित्र का? प्रत्येकात ०.८ मेगाहर्ट्झचा फरक आहे. एका शहरातल्या दोन स्टेशनांत किमान ८०० किलोहर्ट्झ अंतर हवं, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात घुसत नाही. ९१.१ पासून पुढे नऊ उड्या मारा, बरोबर ९८.३ वर पोचाल. शिवाय शहरातल्या सगळ्या खाजगी स्टेशनांनी एकाच टॉवरवरून प्रसारण करायचं, हाही नियम. त्यामुळे टॉवरचा खर्च वाटला गेला.

मग कराडला खरखर का?

मध्यम लहर मोठी असते. १२५१ किलोहर्ट्झला लांबी जवळजवळ २४० मीटर. ती जमिनीला धरून लांब जाते. ९४.३ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३.२ मीटरची. ती बहुतांशी सरळ जाते, पृथ्वीचा बाक आणि डोंगर तिला आडवे येतात. (तिचा पाव भाग ८० सें.मी., म्हणून हेडफोनची वायर अँटेना म्हणून चालते.) सूत्र सोपं आहे :

अंतर = ४.१२ × (√प्रसारण अँटेनाची उंची + √ऐकणाऱ्याची उंची)

उंची मीटरमध्ये, अंतर किलोमीटरमध्ये. समजा टॉवर १०० मीटर आणि आपली गच्ची १२ मीटर. उत्तर येतं सुमारे ५५ कि.मी. कोल्हापूर आणि सांगली दोन्ही कराडपासून हवाई अंतराने ६५ च्या आसपास! वर दक्षिणेला आगाशिवाचा डोंगर. म्हणजे आम्ही बरोबर काठावर उभे होतो. गच्चीवर तुटक सिग्नल आणि खाली रूममध्ये शून्य, हे सूत्राला धरूनच होतं. एकदा आगाशिवावर ट्रेकला गेलो तेव्हा तेच स्टेशन अगदी स्वच्छ लागलं. सगळ्यांनी डबे बाजूला ठेवून गाणी ऐकली.

राहिला प्रश्न कराडच्या स्वतःच्या स्टेशनचा. २०११ च्या धोरणात लिलावासाठी सर्वसाधारण निकष होता एक लाख लोकसंख्येचा. कराड नगरपालिकेची २०११ ची लोकसंख्या ५४ हजारांच्या घरात. विद्यानगर-सैदापूरला शिकायला आलेली आपल्यासारखी हजारो पोरं, मलकापूर, आजूबाजूचे साखर कारखाने, ही बाजारपेठ त्या आकड्यात येतच नाही. हवा सार्वजनिक आहे हे कोर्टाने सांगितलं, पण वाटप करताना पालिकेची हद्द मोजली गेली. मला हे पटत नाही.

आपल्या हातात काय?

दुसरा रस्ता आहे. २००६ च्या नियमांनुसार शिक्षणसंस्था आणि सामाजिक संस्था कम्युनिटी रेडिओ काढू शकतात. शक्ती १०० वॅट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर. आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून ९०.४ वर सुरू झाली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात बायाबापड्या माईकसमोर बसल्या. त्यांच्यापैकी कुणी इंजिनिअर नव्हतं.

आज प्रत्येकाच्या मोबाईलवर हवं ते गाणं हव्या त्या क्षणी आहे, मग रेडिओ कशाला, असं कुणी विचारेल. गाण्यासाठी नकोच. पण पुराच्या वेळी कृष्णेचं पाणी कुठवर आलं, बाजारात भाव काय, उद्या एस.टी. सुटणार का, हे आपल्या आवाजात सांगणारं कुणी हवं. मोबाईलचे टॉवर बंद पडतात तेव्हा दोन सेलवर चालणारा रेडिओ चालूच असतो.

ई अँड टी.सी.च्या मित्रांनो, यंदा प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर एवढं करा : नकाशा घ्या, ३० मीटरचा मास्ट धरा, आणि विद्यानगरातून आवाज कुठल्या गावापर्यंत पोचेल ते काढा. सूत्र वर दिलं आहे. गच्चीही तीच आहे.