निऑन नको, ट्यूबलाइट

चि. मुक्ता हिस,


तुमचं जुनं गेम पार्लर संगणकावर उभं करून तू पाठवलेली फिल्म पाहिली. मेहनत पुष्कळ घेतली आहेस आणि हात बसला आहे, यात शंका नाही. पण ते आपल्या डोंबिवलीतलं गेम पार्लर नाही. जांभळा निऑन, आरशासारखी काळी जमीन, ओळीत उभी चकचकीत मशीनं, असलं पार्लर अमेरिकन सिनेमात असतं. तुमचं पार्लर म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा. एक ट्यूबलाइट, एक टेबलफॅन, सुताराने प्लायवूडला सनमायका मारून ठोकलेली खोकी आणि त्यांत बसवलेल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबा. दादाच्या मागे मागे तू जायचीस आणि तुम्हा दोघांना कान धरून घरी न्यायला मी यायचो, म्हणून मलाही तो गाळा बराच आठवतो.

तुझ्या मामाने जन्मभर पडायला आलेले वाडे मोजले. त्या धंद्यातली एक शिस्त तुला सांगतो. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्यात जीर्णोद्धाराबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की जिथून अंदाज सुरू होतो, तिथे काम थांबवायचं. तुझ्या कामाच्या जवळची दुसरी आहे २००९ ची लंडन सनद. संगणकावर वास्तू उभी करताना कशाला पुरावा होता आणि काय तर्काने भरलं, याची नोंद ठेवावी असं ती सांगते. गेम पार्लरला कोण वारसा म्हणणार, असं तुला वाटेल. माझ्या मते मुलांनी ज्या जागेत इतक्या दुपारी काढल्या तिला वाड्याइतकीच काळजी लागते, आणि तिचा नकाशा तर महापालिकेतसुद्धा मिळणार नाही.

तेव्हा ब्लेंडरमध्ये, म्हणजे तुझ्या त्या त्रिमितीय प्रणालीत, तीन वेगळे गठ्ठे कर. मोजलेलं एकात, कुणीतरी सांगितलेलं दुसऱ्यात, तुझा अंदाज तिसऱ्यात. तिसऱ्याला सरळ करडा रंग दे. मागची भिंत आठवत नसेल तर ती करडीच राहू दे. तिथे ड्रॅगनचं पोस्टर चिकटवलंस की दोन वर्षांनी तुलाच खात्री वाटू लागेल, की ते तिथे होतं.

गाळाच गेला, आता मोजायचं काय, असं विचारशील. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे आणि आत सगळं पीओपीने झाकलंय. पण त्याच बिल्डिंगमधला शेजारचा गाळा अजून जुन्या अवस्थेत आहे. तीच तुळई, तीच शटरची पेटी, तोच उंबरा. तो मोज. दादाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे पार्लरची फरशी दिसते, ती मोझेक टाइल बहुधा दहा इंची. शेजारी एखादी शिल्लक असेल तर टेप लावून पाहा. टाइल नक्की झाली की फोटोतल्या खोक्याची रुंदी टाइला मोजून काढता येते. नुसत्या डोळ्याने ठरवू नकोस, लहानपणच्या जागा आठवणीत नेहमी ऐसपैस असतात.

यावरूनच आणखी एक. खरी मापं घातलीस की खोली तुला खुराडं वाटेल आणि भिंती थोड्या लांब सरकवायचा मोह होईल. भिंतींना हात लावू नकोस, कॅमेरा खाली घे. दहा वर्षांच्या पोरीचे डोळे जमिनीपासून चार फुटांवर असतात. तिथून पाहिलंस की खोकी अंगावर येतील, मोठ्या पोरांच्या पाठी आडव्या येतील आणि पडदा त्यांच्या कोपरांच्या फटीतून दिसेल. तू बहुतेक वेळ खेळत नव्हतीस, पाहत होतीस. तुझ्या फिल्ममध्ये पाहणारी पोरंच नाहीत. माणसं बनवणं अवघड आहे, कबूल. मग निदान खोक्यांपुढे त्यांना उभं राहायला जागा सोड, आणि ती जागा खरंच किती कमी होती ते दिसू दे.

पडद्यावरच्या चित्राबद्दल. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', तू संगणकावरून उचलून जसाच्या तसा चिकटवला आहेस आणि त्यात सगळे पैलवान सुटल्यासारखे दिसतात. त्या खेळाच्या सर्किट बोर्डाचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, पण ते चार-तीन प्रमाणाच्या ट्यूबवर बसायचं, म्हणजे ठिपके उभट व्हायचे. चित्र आडवं दाब. काचेला फुगवटा दे. आवाज तर पूर्णच चुकला आहे. मूळ बोर्डात क्यूसाउंड हे स्टीरिओचं तंत्र होतं, तू तेच वापरलंस. आपल्याकडे या खेळाचे नकली बोर्ड सर्रास चालत, त्यांत आवाजाची यंत्रणाच वेगळी, आणि वर एकच फाटका स्पीकर. मेम या प्रणालीत, जी १९९७ पासून हे जुने बोर्ड जपते आहे, या खेळाच्या नकली बोर्डांच्याही स्वतंत्र नोंदी आहेत. त्या ऐकून बघ. तुमच्या गल्लीचा मुस्तफा त्यांतलाच एखादा असेल. मात्र खेळ कॅपकॉमचा आहे. खोलीचं मॉडेल लोकांना द्यायचं झालं तर त्यातून खेळ काढून टाक आणि पडद्यावर स्वतः काढलेलं काहीतरी ठेव.

झीज रंगवायची घाई करू नकोस. जपानात कावासाकीला 'अनाता नो वेअरहाउस' नावाचं आर्केड होतं, २००५ मध्ये उघडलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालं. आतले गंजके पत्रे, पोपडे आलेल्या भिंती, सगळी हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीची नक्कल. ती मूळ वस्ती १९९३-९४ मध्ये पाडली गेली. पाहणारे थक्क व्हायचे. पण पाडण्याआधी जपानी अभ्यासकांनी ती वस्ती फिरून मोजली होती आणि तिचा लांबलचक उभा छेद काढला होता, एकेका खोलीतल्या सामानासकट. कौलूनमध्ये माणसं कशी राहत होती हे मला त्या रेघांतून जास्त कळतं. आधी रेघा, मग गंज.

दादाला, त्याच्या मित्रांना आणि गल्ल्यावर बसणाऱ्या काकांना भेटशीलच. प्रत्येकाला वेगवेगळं गाठ आणि कोऱ्या कागदावर पार्लर काढायला लाव. तुझी फिल्म आधी दाखवलीस तर सगळ्यांना तुझंच पार्लर आठवेल. कागद जुळले नाहीत तर भांडण मिटवू नकोस, दोन्ही ठेव. दादा म्हणतो मुस्तफाचं मशीन दाराशी होतं, तू म्हणतेस आत. मशीनं हलवतही असतील. काकांची परवानगीही माग, दुकान त्यांचं होतं.

शेजारच्या गाळ्याच्या मालकांशी मी बोललो आहे. दुपारी दोन ते चार शटर खाली असतं, तेव्हा या म्हणाले. रविवारी मी पाच मीटरचा टेप आणि शिडी घेऊन येतो. दुसरं टोक धरायला दादाला सांग, आणि वहीत इंच लिही, फूट नको.

तुझा,
मामा