पारसिकचा उतार, नाणेघाटाच्या पायऱ्या

ऐरोलीच्या पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकची रांग. आठ वर्षं झाली, रविवारी पहाटे मी सायकल काढते ती डोंगराच्या बाजूने. चढाने दम वाढवला. बाकी जे शिकले ते उतरताना.

१. ब्रेक वळणाच्या आधी. गवळीदेवच्या डोंगरावरून उतरताना ऐन वळणात मी पुढचा ब्रेक आवळला. मुरमावर चाक सरकलं आणि डावं कोपर सोलून निघालं. महिनाभर मी पुढच्या ब्रेकला घाबरत होते, आणि ती दुसरी चूक होती. उतारावर भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे सायकल थांबवायची खरी ताकद त्याच ब्रेकमध्ये असते. फक्त टायरची पकड वळायला आणि थांबायला एकाच वेळी पुरत नाही. आता वाट सरळ असतानाच वेग कमी करते आणि वळणात लिव्हर सैल सोडते. दाबायला एक बोट पुरतं, बाकीची हॅण्डलवर.

२. ब्रेक दाबून धरू नये, दाबावा, सोडावा. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर डोंगरउताराच्या शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव ‘रिपॅक’ पडलं. आजचे डिस्क ब्रेक कितीतरी चांगले आहेत, पण लांब उतारावर सतत दाबून ठेवले तर तेही तापतात आणि लिव्हर मऊ लागायला लागते. अशा वेळी थांबावं, पाणी प्यावं.

३. सीट खाली करा. उतरण्याआधी, प्रत्येक वेळी.

४. जिथे सायकल खांद्यावर घ्यायची तिथे घ्यावी. जुन्नरकडून घाटघरला गेलं की नाणेघाटाचं पठार लागतं. वारा, गवत, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि कड्यावरून दिसणारं कोकण. पठारावर मनसोक्त चालवली. पुढे मात्र सातवाहनांच्या काळापासूनची दगडी वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते. त्या पायऱ्यांवर चाक घालायचं माझ्या मनात आलं नाही. सायकल खांद्यावर, पावलं चाचपडत. पुढे एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरत होत्या. गुडघे किंचित वाकलेले, मान स्थिर. मागे वळून म्हणाल्या, “पायाकडं नको बघू ताई, वाटंकडं बघ.” सायकलवरही मी नेमकी तीच चूक करत होते: चाकासमोरचा दगड बघायचा आणि त्यावरच जाऊन आदळायचं. त्या दिवसापासून पेडल समांतर, टाचा खाली, कोपरं सैल आणि नजर दहा-पंधरा पावलं पुढे. ही एक गोष्ट कुणी मला पहिल्या वर्षी सांगायला हवी होती.

५. ऋतूप्रमाणे डोंगर बदलतो. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरतं. तिथे कुठलाच टायर टिकत नाही, मी उतरून चालते. दिवाळीनंतर कातळ कोरडा आणि भरवशाचा. पण सुटा मुरूम मोहरीच्या दाण्यांसारखा घरंगळतो, आणि वाळलेल्या गवतात धोंडे लपतात. ओळखीची वाटही मोसमाच्या पहिल्या फेरीत मी आधी पायी बघून घेते.

६. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चाक नको. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. साताऱ्याजवळचं कास 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. जांभ्याच्या त्या पठारावर माती जेमतेम बोटभर, आणि सगळी फुलं तिच्याच जिवावर. चाकाची चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच वाहतं आणि ती बोटभर मातीही घेऊन जातं. सपाट, मोकळा सडा बघून हात शिवशिवतात, हे मलाही ठाऊक आहे. गेल्या भाद्रपदात कासला गेले तेव्हा सायकल ऐरोलीलाच ठेवली होती. दुरूनच तेरडा बघितला, तासभर.