घर्षणाने राखलेली वाट

अमेरिकेतील यूटाच्या वाळवंटात एक जुनी गाडीवाट खडकावरून शोधता येते. १८७९ साली मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसे ८३ गाड्या घेऊन निघाली. कोलोरॅडो नदीच्या कड्याने त्यांना अडविले. तेथील अरुंद कपार सुरुंग लावून रुंद केल्यावर २६ जानेवारी १८८० रोजी गाड्या उतरू लागल्या.

उतार काही ठिकाणी जवळजवळ ४५ अंशांचा होता. अशा उतारावर १००० किलोग्रॅमची गाडी सुमारे ७०० किलोग्रॅम-भार इतक्या बलाने खाली ओढली जाते. फिरत्या चाकाचे घर्षण अल्प असते. म्हणून मागची चाके साखळीने जखडली आणि माणसांनी मागून दोर ताणून धरले. या घर्षणामुळेच वालुकाश्मावर ओरखडे उमटले. तेच आज वाटेची खूण आहेत.

उतार ३० अंशांचा असता, तर हे बल किती? काढून पाहा.