डोक्यात होतं, पण कागदावर नाही!

"सर, मला येत होतं, पण सांगता आलं नाही." तोंडी परीक्षेतलं हे वाक्य हॉस्टेलवर कोणाला नवीन नाही. त्याला मार्क मिळत नाहीत. मग कलेचं काय? कलावंताच्या मनातच राहिलेला विचार कलाकृतीचं मोल ठरवताना धरायचा का?

मित्रांनो, आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. 'न बोललेलं' आणि 'न व्यक्त झालेलं' एकच नव्हे.

आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त सूचित अर्थाला, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा मानलं. पुढे मम्मटाने उदाहरण दिलं ते 'सूर्य मावळला' या साध्या वाक्याचं. हेच वाक्य मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर ऐका. कोल्हापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्याला ते 'उशीर झाला' असं सांगतं, दुकानदाराला 'दिवे लाव', गुराख्याला 'गुरं घराकडे वळव'. यातलं काहीच बोललेलं नाही. पण वाक्य आणि प्रसंग मिळून ते पोचवतात.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा तर मूकपट. तरी कर्जात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचं दुःख पडद्यावर दिसत होतं. म्हणजे ते व्यक्त झालं होतं.

आता दुसरी बाजू. चित्रकार आबालाल रहिमान यांनी शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं सांगतात. त्यांची हळहळ वाटते, माणसाविषयी आदरही वाटतो. पण ती चित्रं चांगली होती की नाही, हे कशावरून ठरवणार? निवाडा उरलेल्या चित्रांचाच होऊ शकतो.

मग अव्यक्त विचार फुकट जातो का? तसंही नाही. ड्रॉइंगच्या तासाला आपण चार आकृत्या खोडतो तेव्हा पाचवी जमते. खोडलेल्या चार कोणाला दिसत नाहीत, पण पाचवीचा नेमकेपणा त्यांच्यामुळेच येतो. विचाराचा असा ठसा कृतीत सापडला, तर तो जरूर मोजावा. सापडला नाही, तर तो कलावंताच्या चरित्राचा भाग, कलेच्या गुणांचा नव्हे.

हाच नियम परीक्षकालाही लागू. "मला आवडलं नाही" एवढ्यावर गॅदरिंगच्या स्पर्धेत कोणाचं चित्र बाद करू नये. काय खटकलं, ते चित्रावर बोट ठेवून दाखवावं. चित्र काढणाऱ्या पोराचा तेवढा हक्क आहेच.